हवा निघाली, तरी पेडल मऊच

मार्च महिन्यातील तीन रविवार मी कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, १९९८ सालच्या मारुती झेन गाडीच्या चाकांपाशी बसून काढले आणि त्या तीन रविवारांत जवळजवळ पावणेदोन लिटर ब्रेक ऑइल चार निपलांमधून, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडण्यासाठी प्रत्येक चाकापाशी असलेल्या छोट्या पोकळ स्क्रूंमधून, बाटलीत सोडले. गाडीच्या संपूर्ण ब्रेक यंत्रणेत अर्ध्या लिटरच्या आसपास तेल मावते, हे लक्षात घेतले तर या उद्योगात किती हट्ट होता आणि किती विचार होता, याचा अंदाज वाचकांना येईल. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढली की पेडल घट्ट होते, हे एकच सूत्र मला ठाऊक होते. त्यामुळे पेडल घट्ट होत नाही म्हणजे हवा अजून आत आहे, असा उलटा निष्कर्ष काढून मी पुन:पुन्हा पाना उचलत राहिलो. प्रत्यक्षात गाडीत तीन वेगवेगळे दोष होते, त्यांपैकी फक्त एकाचा हवेशी संबंध होता, आणि एक तर मी स्वतःच निर्माण केलेला होता.

सुरुवात अगदी साधी होती. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओलसर, चिकट डाग दिसला. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे भांडे, काढल्यावर आतले शू तेलाच्या दाबाने ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपणाखालून तेल झिरपत असल्याचे आढळले. एका बाजूचा सिलिंडर गेला की दुसऱ्या बाजूचाही फार काळ टिकत नाही, म्हणून नाना पेठेतून दोन्ही बाजूंचे नवे सिलिंडर, तेलाने भिजलेले लायनर, म्हणजे शूंवरचे घासणारे अस्तर, बदलण्यासाठी ब्रेक शूंचा नवा संच आणि सीलबंद डॉट ३ तेलाच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणल्या. जुने तेल वाटीत काढून पाहिले, तेव्हा ते उकळून ठेवलेल्या काळ्या चहासारखे दिसत होते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पुण्यातील सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळे पाहिलेल्या गाडीत ते कितीदा बदलले गेले असेल, याची नोंद माझ्याकडे नव्हती. कोरड्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. सिंहगडावरून दुसऱ्या गिअरऐवजी ब्रेकवरच गाडी उतरवणाऱ्यांना खाली गोळेवाडीपर्यंत येता येता पेडल अचानक मऊ झाल्याचा अनुभव येतो, त्यामागे बहुधा हेच पाणी असते. ते उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. अशा वेळी गाडी थांबवून ब्रेक थंड होऊ दिले की पेडल परत येते. माझे पेडल मात्र थंड गाडीतच मऊ होते.

नवे सिलिंडर बसवून, तेल भरून, हवा काढून झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबले तेव्हा ते जमिनीपासून दोन बोटे अंतरावर जाऊन थांबले, आणि थांबले तेही उशीवर पाय ठेवल्यासारखे. लगेच दुसऱ्यांदा दाबले तर ते बरेच वर थांबले. मी त्या क्षणी ‘पेडल मऊ आहे’ एवढेच म्हणालो आणि तिथेच चूक केली, कारण त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या तक्रारी मावतात. पहिली तक्रार म्हणजे पेडल स्प्रिंगसारखे लागणे: पाय जितका दाबावा तितके ते थोडे थोडे आत जाते आणि कुठेही ठाम टेकत नाही. दुसरी तक्रार म्हणजे पेडल खोल जाणे: बराचसा प्रवास रिकामा होतो, पण जिथे टेकते तिथे ते दगडासारखे टेकते. तिसरी तक्रार म्हणजे पेडल बसणे: आधी योग्य उंचीवर टेकते, पण पाय तसाच ठेवला तर हळूहळू खाली सरकत जाते. गॅरेजमध्ये या तिन्हींना ‘पेडल स्पंजी आहे’ म्हणून एकाच पोत्यात घालतात आणि तिन्हींवर एकच उपाय करतात. निपल उघडून हवा काढण्याने यांपैकी फक्त पहिली तक्रार दूर होऊ शकते, आणि तीही प्रत्येक वेळी नाही.

हवा थोडीशी असली तरी एवढा फरक का पडतो, याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. पेडल दाबल्यावर सगळ्या तेलावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास सुमारे २० मिलिमीटर धरला, तर त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस सेंटिमीटरच्या जरा खाली येते. नळीत एक घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीस थेंबांएवढी हवा अडकली असेल, तर जोरात ब्रेक दाबताना निर्माण होणाऱ्या पन्नास-साठ वातावरणांच्या दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते. आणि ती नाहीशी करण्यासाठी पिस्टनला सव्वातीन मिलिमीटर जादा सरकावे लागते. पेडलची तरफ चार-साडेचार पट असते, म्हणून पायाशी हा फरक दीड सेंटिमीटरच्या आसपास जातो. वीस थेंब हवेसाठी दीड सेंटिमीटर! इथपर्यंतचा हिशेब हवेला दोषी ठरवणारा आहे. पण त्याच कागदावर मी मागच्या ड्रमचा हिशेब मांडला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. व्हील सिलिंडरचा व्यास १७ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस सेंटिमीटर होते. प्रत्येक शू ड्रमपासून गरजेपेक्षा फक्त एक मिलिमीटर जास्त दूर असेल, तर दोन्ही पिस्टन मिळून एका चाकाला जवळजवळ अर्धा घन सेंटिमीटर तेल जादा लागते, आणि दोन चाकांना मिळून सुमारे एक. याचा अर्थ असा, की शूंमधली एक मिलिमीटरची ढिलाई आणि वीस थेंब हवा या दोहोंनी पेडल सारखेच खाली जाते. आणि ढिलाई काही निपलमधून बाहेर येत नाही.

हा कागद पहिल्या रविवारी माझ्यासमोर नव्हता. त्या दिवशी माझ्याजवळ हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप होता, जो निपलला जोडला की खालूनच तेल ओढून घेतो आणि आत बसून पेडल दाबायला दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही, असा त्याच्या खोक्यावरील दावा होता. निपल पाव फेरा सैल केला, पंप ओढला, आणि पारदर्शक नळीतून तेलाबरोबर बुडबुड्यांची माळ येऊ लागली. ती माळ संपेचना. बाटलीतील तेल संपले, तरी बुडबुडे तसेच. नंतर कळले, की निपल सैल केल्यावर त्याच्या आट्यांभोवतीच्या फटीतून बाहेरचीच हवा आत ओढली जाते आणि ती थेट पंपाच्या नळीत जाते. ब्रेकच्या नळीत ती जातच नाही. म्हणजे मी अर्धा लिटर तेल खर्चून पार्किंगमधील हवा बाटलीत भरत होतो. आट्यांच्या बाहेरच्या बाजूला थोडे घट्ट ग्रीस लावले की ही माळ तुटते, हे ज्यांच्याकडे असा पंप आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. मी मात्र पंप पेटीत ठेवला आणि भाच्याला बोलावले.

दोन माणसांची पद्धत जुनी आहे आणि माझ्या मते अजूनही तीच सर्वांत विश्वासार्ह आहे, मात्र तिच्यात शब्दांची शिस्त लागते. आतल्याने पेडल हळू दाबून ‘दाबले’ म्हणायचे, बाहेरच्याने निपल उघडायचा, पेडल खाली जाऊ द्यायचे, ते तळाला जाण्याआधीच निपल बंद करून ‘सोड’ म्हणायचे, आणि ‘सोड’ ऐकू येईपर्यंत आतल्याने पाय तसूभरही वर घ्यायचा नाही. पहिल्या चार-पाच वेळा भाच्याने माझ्या ‘सोड’आधीच पाय उचलला, आणि उघड्या निपलमधून नळीतले तेल हवेसकट परत आत गेल्याचे मला डोळ्यांनी दिसले. नळीचे टोक बाटलीतल्या तेलात बुडालेले असले तर तेलच परत जाते आणि नुकसान कमी होते. माझे टोक हवेत लोंबत होते.

“मामा, किती वेळा करायचं हे?” असे त्याने तिसऱ्या चाकाशी विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. नळीत बुडबुडा न येता सलग पाच-सहा वेळा स्वच्छ तेल आले की त्या चाकाचे काम संपते, हे आता सांगता येते. क्रम आम्ही नेहमीचाच ठेवला होता, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे मागचे डावे चाक आधी, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत एक पुढचे आणि त्याच्या कर्णावरील मागचे चाक एका मार्गाने जोडलेले असते आणि त्यांच्या पुस्तिकेत क्रम वेगळा दिलेला असतो, तेव्हा आपल्या गाडीची पुस्तिका पाहणे इष्ट. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांचे प्रकरण निराळे असून, त्यांच्या पंपात अडकलेली हवा काढायला बहुतेक वेळा संगणकाची मदत लागते. तो विषय इथे नाही.

या साऱ्या खटाटोपात मी एक मोठी चूक केली, जिची किंमत तिसऱ्या रविवारी मोजावी लागली. भाच्याला मी प्रत्येक वेळी पेडल थेट जमिनीपर्यंत दाबायला सांगितले. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन आपल्या मार्गाच्या साधारण पहिल्या अर्ध्या भागातच ये-जा करतो. पुढचा भाग वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, आणि ओलावा मुरलेल्या तेलामुळे तिथे गंजाचे खडबडीत पापुद्रे धरतात. हवा काढताना पेडल तळापर्यंत नेले की पिस्टनवरच्या रबरी वाट्या त्या खडबडीत भागावरून घासत जातात. जुन्या गाडीत हवा काढण्याआधी पेडलखाली दीड-दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवावा, एवढी साधी काळजी पुरे असते. ती मी घेतली नाही.

पहिल्या रविवारच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरील काका, जे पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांच्या हातून मी माझी अर्धी हत्यारे उसनी घेतो, खाली आले. “रात्रभर पेडल दाबून ठेवा, सकाळी घट्ट होईल,” असे त्यांनी सांगितले आणि स्वतःच नातवाची बॅट आणून सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवून दिली. सकाळी बॅट काढून पाहिले, तर पेडल खरोखरच बरे वाटले. पण दुपारी पुन्हा होते तसेच. दाबाखाली बारीक बुडबुडे आकसतात आणि काही अंशी तेलात विरघळतात, दाब गेला की ते पुन्हा मोकळे होतात, त्यामुळे या उपायाने सकाळ चांगली जाते एवढेच म्हणता येईल. काकांना मी हे सांगितले नाही, कारण पुढच्या रविवारी त्यांनीच मला योग्य वाटेवर आणले.

ते म्हणाले, “तुम्ही हँडब्रेक ओढून पेडल बघितलंत का?” मी पाहिले नव्हते. हँडब्रेक पूर्ण ओढला, पेडल दाबले, आणि ते जवळजवळ तीन सेंटिमीटर वर टेकले. हँडब्रेक सोडला की पुन्हा खाली. हँडब्रेकची केबल मागच्या शूंना यांत्रिक रीतीने ड्रमकडे ढकलते, त्यामुळे तो ओढल्यावर शूंमधली ढिलाई आधीच भरून निघालेली असते. अशा वेळी पेडल लक्षणीय वर आले तर दोष मागच्या शूंच्या ढिलाईत आहे, हवेत नाही, हे एका मिनिटात आणि एकही थेंब तेल न सांडता कळते. या चाचणीला पैसे लागत नाहीत की पाना लागत नाही, आणि तरीही मी एक आख्खा रविवार आणि एक लिटर तेल घालवल्यावर ती केली.

कारणही लगेच सापडले. जुना ड्रम झिजला की त्याच्या आतल्या कडेला एक उंचवटा तयार होतो आणि शू त्यात अडकून ड्रम निघत नाही, म्हणून तो काढण्यासाठी मी दोन्ही शूंमधला ॲडजस्टर पूर्ण मागे घेतला होता. नवे शू बसवताना तो तसाच राहिला. हा ॲडजस्टर दातेरी असून पेडल वापरताना शूंची ढिलाई वाढली की एकेक दाता पुढे सरकून ती आपोआप भरून काढावी, अशी त्याची रचना असते. पण माझ्या गाडीतील दाते गंज आणि लायनरच्या भुकटीने भरून गेले होते आणि बोटाने ढकलूनही सरकत नव्हते. वायर ब्रशने दाते घासले, सरकणाऱ्या जागी उष्णतेत न वितळणारे ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढे लावले, लायनरला ग्रीसचा स्पर्श होणार नाही याची काळजी घेतली आणि शू इतके बाहेर आणले, की ड्रम हाताने बसवताना लायनर त्याला किंचित घासल्याचा खरखर आवाज येईल. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: हे करण्यापूर्वी हँडब्रेकची केबल सैल केली पाहिजे. केबल आधीच ताणलेली असेल तर शू आपल्या मूळ जागी टेकत नाहीत आणि ॲडजस्टरला आपले काम करायला वावच मिळत नाही. मागच्या ब्रेकची ढिलाई हँडब्रेकची केबल ताणून झाकण्याची पद्धत सर्रास आढळते. माझ्याही गाडीत ती कोणीतरी कधीतरी वापरलेली होती.

आता पेडल पहिल्याच दाबाला वर टेकू लागले. मात्र टेकणे ठाम नव्हते. उशीचा स्पर्श तसाच होता. म्हणजे खोल जाण्याची तक्रार संपली होती आणि स्प्रिंगची तक्रार उघडी पडली होती. यंत्रणेत हवा आहे हे निश्चित झाले, तरी कुठे आहे हे ठरवायचे होते, आणि आंधळेपणाने चारही निपल पुन्हा उघडण्याची माझी इच्छा उरली नव्हती. रबरी होज दाबून धरण्यासाठी गोल, गुळगुळीत जबड्यांचे क्लॅम्प मिळतात. ते मी चारही चाकांच्या होजना लावले आणि पेडल दाबले. दगड! मास्टर सिलिंडर आणि लोखंडी नळ्या यांत हवा नाही, हे त्यावरून कळले. मागचे दोन क्लॅम्प काढले, तेव्हा पेडल किंचित खाली आले, पण ठाम राहिले. पुढचा डावा क्लॅम्प काढल्याबरोबर उशी परत आली, आणि उजवा काढल्यावर ती आणखी जाड झाली. दोष पुढच्या दोन्ही चाकांकडे होता, ज्या चाकांचा एकही भाग मी या दुरुस्तीत बदलला नव्हता. होजना चिमटा म्हणून साधी पक्कड किंवा दातेरी व्हाइस ग्रिप वापरू नये. बाहेरून अखंड दिसणारा होज आतून फाटतो आणि नवीच पीडा मागे लागते. फार जुना, भेगाळलेला होज तर क्लॅम्पही सहन करत नाही. असा होज दाबाखाली फुगतो आणि हवा नसतानाही पेडलला स्प्रिंग आणतो, तेव्हा एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने होजवर हात ठेवून तो फुगतो का हे तपासावे.

माझे होज फुगत नव्हते. मी चाक काढून कॅलिपरपाशी, म्हणजे पुढच्या चाकाची डिस्क पॅडमध्ये पकडणाऱ्या भागापाशी, बसलो आणि पाच मिनिटे नुसता पाहत राहिलो. निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होता. हवा वर जाते, म्हणून कॅलिपर बनवणारा निपल नेहमी सर्वांत वरच्या जागी देतो. तो खाली आहे याचा अर्थ डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला आहे. दोन्ही कॅलिपर एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, बोल्टची छिद्रे जुळतात, चाक फिरते, ब्रेकही लागतो, त्यामुळे अशी अदलाबदल सहज नजरेतून सुटते. आदल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पुढच्या कॅलिपरचे सील बदलून घेतले होते आणि तेव्हापासून पेडल जरासे मऊ लागत होते, हे मला आठवले. जुनी गाडी म्हटल्यावर असायचेच, अशी समजूत घालून मी वर्षभर गाडी चालवली होती. निपल खाली असताना कितीही तेल सोडले तरी ते पिस्टनच्या वरच्या पोकळीतील हवेला न हलवता खालूनच निघून जाते. हंडा पालथा करून पाण्यात दाबावा आणि त्यातली हवा खालून काढायचा प्रयत्न करावा, तसा तो प्रकार होता.

कॅलिपर योग्य बाजूंना बसवण्यात दुसऱ्या रविवारची उरलेली दुपार गेली. होज जिथे पोकळ बोल्टने कॅलिपरला जोडला जातो तिथल्या तांब्याच्या चकत्या दर वेळी नव्या घालाव्यात, कारण एकदा चेपलेली चकती दुसऱ्यांदा तितकी घट्ट बसत नाही आणि गळते. त्या चकत्या काही रुपयांना मिळतात. होज बसवल्यावर तो पिळलेला नाही आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवल्यावर टायरला घासत नाही, हेही पाहिले. त्यानंतर निपल उघडला तेव्हा नळीतून आधी तेल आले नाही, तर फस्स असा आवाज करत एक लांबलचक हवेचा पट्टा आला, मग फेस, आणि मग स्वच्छ तेल. भाचा आत बसूनच ओरडला, “मामा, घट्ट झालं!” त्याला पायाने जे कळले ते मला नळीत दिसत होते. कॅलिपरची अदलाबदल लगेच शक्य नसेल, तर तो बोल्ट काढून हातात धरावा, निपल वर येईल असा फिरवावा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घालून पिस्टन बाहेर पडणार नाही अशी व्यवस्था करावी आणि तशा स्थितीत हवा काढावी. काम होते, पण तो तात्पुरता उपाय समजावा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. गाडी सुरू करून सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. इंजिन सुरू असताना पेडल बंद गाडीपेक्षा थोडे नरम लागते, कारण बूस्टर पायाला मदत करत असतो. हा दोष नव्हे. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे, आणि पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे, अशी त्याची परीक्षा असते. ती पार पडली. पण फाटकाशी वॉचमनने साखळी काढेपर्यंत मी पाय हलकेच ब्रेकवर ठेवून थांबलो होतो, तेव्हा पेडल पायाखालून सरकत असल्यासारखे वाटले. अर्ध्या मिनिटात ते जमिनीला टेकले. पाय उचलून जोरात दाबले, तर वर, घट्ट आणि स्थिर. पुन्हा हलके दाबले, तर पुन्हा हळूहळू खाली. गाडी फाटकातूनच मागे घेतली.

चारही चाकांपाशी, नळ्यांच्या जोडांवर, बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या सांध्यात, सगळीकडे फडके फिरवले. कुठेही ओल नव्हती. मास्टर सिलिंडरवरच्या टाकीतील ब्रेक तेलाची पातळीही तेवढीच. तेल बाहेर जात नाही आणि पेडल मात्र खाली जाते, म्हणजे ते मास्टर सिलिंडरच्या आतच पिस्टनवरील वाटीला वळसा घालून मागे येते आहे. जोरात दाबल्यावर टिकणारे आणि हलक्या पायाने बसणारे पेडल ही त्या वाटीची नेमकी खूण आहे, कारण दाब जास्त असला की रबराची कड त्या दाबानेच भिंतीला चिकटते, आणि कमी असला की फाटलेल्या जागेतून तेल वाट काढते. क्लॅम्प लावून दाबताना पेडल दगडासारखे का लागले होते, याचाही उलगडा झाला; तेव्हा मी सर्व जोर लावून दाबत होतो. ज्यांना आपल्या गाडीत ही शंका असेल, त्यांनी सिग्नलवर थांबल्यावर चालू इंजिनात पेडलवर फक्त पायाचे वजन ठेवून पाहावे आणि ते बसत असेल तर गाडी चालवू नये. दोन मार्गांच्या सिलिंडरमध्ये एका मार्गाची वाटी गेली तरी दुसरा काम करतो, पण निम्म्या ब्रेकवर पुण्याच्या रहदारीत उतरणे शहाणपणाचे नाही.

तिसऱ्या रविवारी सिलिंडर उघडला. पुढच्या वाटीच्या कडेला दोन मिलिमीटरची चीर होती आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, पिस्टन एरवी जिथे पोहोचत नाही तिथे, तपकिरी गंजाचे वळे होते. चिरेचा आकार आणि वळ्याचा खडबडीतपणा बोटाला सारखेच लागत होते. फक्त रबराचे किट बदलून काम भागवता आले असते, पण ज्या भिंतीने एक वाटी फाडली ती दुसरीही फाडणार, म्हणून संपूर्ण सिलिंडर नवा घेतला.

नवा मास्टर सिलिंडर गाडीवर बसवण्याआधी तो बाकावरच तेलाने भरून घ्यावा लागतो. व्हाइसमध्ये तो आडवा, समतल धरला, दोन्ही तोंडांना छोट्या प्लास्टिकच्या नळ्या लावून त्यांची टोके परत टाकीतील तेलात बुडवली, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या बोथट बाजूने पिस्टन अगदी सावकाश, थोडा थोडा आत ढकलत राहिलो. पहिल्या वीसएक वेळा टाकीत बुडबुडे फुटत होते, नंतर ते तुरळक झाले आणि बंद पडले. हे न करता सिलिंडर थेट गाडीवर चढवला, तर त्याच्या टोकाशी अडकलेली हवा चार चाकांच्या निपलांपर्यंत खाली ओढून न्यावी लागते, आणि ती येता येत नाही. काही गाड्यांत सिलिंडर पुढे चढता बसवलेला असतो आणि हवा त्याच्या पुढच्या टोकाला साचते. तिथे गाडी मागून उचलून सिलिंडर समतल आणला की ती टाकीकडे निघून जाते. हे सारे करताना बोनेटवर आणि मडगार्डवर जुने फडके अंथरले होते, तरी एक थेंब रंगावर पडला, आणि मी तो पाण्याने धुवेपर्यंत पाच-दहा मिनिटे गेली. नखाएवढा पांढुरका डाग आजही तिथे आहे.

या वेळी पेडलखाली ठोकळा होता, नळीचे टोक तेलात बुडालेले होते, आणि भाच्याला ‘सोड’ या शब्दाचा अर्थ पक्का समजला होता. चारही चाकांची हवा पाऊण तासात निघाली आणि तेल लागले साडेतीनशे मिलिलिटर. उघडलेल्या बाटलीत उरलेले तेल मी ठेवले नाही. बाटली अर्धी रिकामी असली की वरच्या हवेतील ओलावा त्यात मुरतो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ते वापरायचे म्हणजे नव्याच्या नावाखाली जुने भरणे होय. गोळा झालेले जुने तेल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून, इंजिन ऑइल परत घेणाऱ्या गॅरेजला दिले.

चाचणीसाठी आधी आवारात, मग सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटर वेगाने, आणि मग चाळीसने ब्रेक लावून पाहिला. गाडी कुठल्याही बाजूला ओढत नव्हती. हलका पाय ठेवून एक मिनिट मोजले. पेडल जागचे हलले नाही. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी लवकर बोपदेव घाटातून सासवडला जाऊन आलो, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये आणि पाय शक्य तितका ब्रेकपासून दूर ठेवून. परत आल्यावर चारही निपल फडक्याने पुसून पाहिले. मागच्या उजव्या निपलभोवती किंचित ओल होती. पाना लावून तो अगदी थोडा आवळला, पुन्हा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्यापूर्वी वाकून पाहिले, तेव्हा तो कोरडा होता.